वाटी काढलेला गुडघा

नल्लकुंट्यातल्या एका बाईंना डॉक्टरांनी गुडघ्याची वाटी काढावी लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचे यजमान आमच्याकडे बरकतपुऱ्यात आले. कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं होतं. बैठकीच्या खोलीत बसले, टोपी मांडीवर घेतली आणि विचारलं, "वहिनी, वाटी काढल्यावर माणूस चालतो का हो?" मी उठले, आत जाऊन पाणी आणलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "माझ्या एका गुडघ्याला वाटी नाही. कोणत्या ते ओळखा." त्यांनी बराच वेळ विचार करून उजवा सांगितला. माझा डावा आहे.

त्यांना धीर आला, पण बायकोला जाऊन सांगण्यापुरता नव्हता. म्हणाले, "तुम्हीच लिहून द्या ना चार ओळी. माझ्यावर तिचा विश्वास नाही." म्हणून हे लिहायला बसले. चार ओळींचं काही जमलं नाही. एकतर मी मास्तरीण, त्यातून गणिताची, त्यामुळे सुरुवात केली की उत्तर येईपर्यंत मला थांबता येत नाही. वैद्यकाचं ज्ञान मला नाही. माझ्या एका पायाचं मात्र आहे, आणि ते कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त आहे असं मी ठामपणे सांगते.

* * *

माझी वाटी गेली ते वर्ष हैदराबादेत कुणालाच धड गेलं नाही. बाकीचा देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं काय होणार हे ज्याला त्याला माहीत होतं, फक्त प्रत्येकाचं वेगळं होतं. रझाकारांच्या मिरवणुका निघत. ज्यांचे नातेवाईक वऱ्हाडात नाहीतर सोलापुराकडे होते, ते बायकामुलांना तिकडे पाठवत होते. मी जामबागेतल्या मुलींच्या मराठी शाळेत शिकवत होते. वरच्या वर्गांचं गणित माझ्याकडे होतं, आणि मुली भूमितीच्या प्रमेयांत रडकुंडीला येऊन शेवटी हसू लागल्या की मला जे सुख व्हायचं, ते मी दुसऱ्या कशासाठी सोडलं नसतं.

आषाढातल्या एका दुपारी शहरात कुठेतरी काहीतरी झाल्याची आवई उठली आणि शाळा लवकर सोडली. मुलींना टांग्यांत बसवून देण्याचं काम मी करत होते. शेवटच्या टांग्यात स्वतः चढायला म्हणून मी पायदानावर पाय ठेवला, आणि घोडं बुजलं. मी खाली आले ती डाव्या गुडघ्यावर, आणि तो गुडघा आला शाळेच्या दगडी उंबऱ्याच्या कडेवर. दुखलं किती हे सांगत नाही, ते ज्याचं त्याला कळतं. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी पायाला म्हणत होते, उचल. मांडी आवळली जात होती, मला ते कळत होतं, पण पाय जागचा हलत नव्हता. आपलं म्हणणं आपल्याच पायापर्यंत पोचू नये, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्क होते, शांत होते, आणि हैदराबादच्या जुन्या माणसांसारखे सगळ्यांशी दखनीत बोलायचे. क्ष-किरणांची फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि आम्हा दोघांना दाखवली. माझे यजमान महसूल खात्यात होते. हयातभर कागद बघितलेला माणूस, पण ती काळी फिल्म बघून खुर्चीवर बसला. वाटीचा चुरा झाला होता, तळलेल्या पापडावर मूठ मारावी तसा.

"अम्मा, इसको जोडने कू कुछ बचाच नहीं," डॉक्टर म्हणाले. "निकाल देते. डरो नक्को, घुटना इसके बगैर बी चलता."

मी विचारलं, "जिना चढता येईल?"

"हौ, चढेंगे. बराबर चढेंगे."

आमच्या शाळेचे वरचे वर्ग माडीवर होते. जिना जुना, दगडी, उभा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा. म्हणून मी चढण्याचं विचारलं. उतरण्याचं विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. उतरणं हे काय विचारायचं काम आहे, असंच कुणालाही वाटेल.

* * *

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण मी झोपले होते. जागी झाले तेव्हा मांडीपासून घोट्यापर्यंत पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचाही पाय मोडला होता. सगळा वॉर्ड तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. तिने पहिलंच विचारलं, "कायकू गिरे तुम?" मी सांगितलं, घोडं बुजलं. ती म्हणाली, "मैं तो बकरी के पीछे गिरी," आणि त्यावर ती इतकी हसली, की आम्ही दोघी दुखऱ्या पायांनिशी हसत पडलो.

दवाखान्यातली सगळ्यात मोठी शिक्षा दुखण्याची नसते. ती लाजेची असते. ज्या बाईने न्हाणीघराच्या दाराला आतून दोन कड्या लावल्याशिवाय कधी पदर सोडला नाही, तिला भर वॉर्डात भांडं मागावं लागतं. पहिल्या दिवशी मी मागितलंच नाही आणि संध्याकाळपर्यंत रडकुंडीला आले. खालाने ते बरोबर ओळखलं. तिने मोठ्याने हाक मारून स्वतःसाठी आणि माझ्यासाठी अशी दोन भांडी एकदम मागवली, म्हणजे ओरडणारी ती ठरली आणि मी सुटले. नल्लकुंट्याच्या बाई, तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच: लाज घरी ठेवून जा. परत आल्यावर ती जागच्या जागी सापडते.

त्याच दिवसांत घरात ठरलं, की सासूबाईंनी आमच्या लेकीला, शकूला, घेऊन अकोल्याला जायचं. सासूबाईंचे भाऊ तिकडे होते. एरवी मीही गेले असते. जायला निघताना त्या दवाखान्यात आल्या, माझ्या प्लॅस्टरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता तरी घरी बसायचं मनावर घे. देवानंच बसवलंय तुला." मग पिशवीतून मेतकुटाची बरणी काढून उशाशी ठेवली आणि डोळे पुसत गेल्या. माझं नोकरी करणं त्यांना कधी पटलं नाही आणि माझे हाल झालेले त्यांना कधी बघवले नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि मला दोन्हींचा राग येत होता.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा येऊन गेल्या. त्या आडपडदा ठेवून बोलत नसत. "सुशीलाबाई, संक्रांतीपर्यंत मी तुमचे वर्ग कसेही ओढते. त्यापुढे संचालक ऐकणार नाहीत. वरच्या वर्गाला गणित शिकवायला बाई मिळत नाही म्हणून त्यांनी एक मास्तर बघून ठेवलाय. तुम्ही माडी चढून आलात की वर्ग तुमचा." मी म्हटलं, "चढून येते." पाय प्लॅस्टरमध्ये असताना मी हे इतक्या रुबाबात म्हटलं, की त्यांनाही खरं वाटलं आणि मलाही.

* * *

भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली. विमानांचे आवाज आले, बाजार बंद, रस्ते ओस, आणि वॉर्डातल्या आम्ही सगळ्या बायका छताकडे बघत पडलेल्या. पळून जाणं ज्यांना शक्यच नाही, त्यांना एक विचित्र शांतता मिळते. त्याआधीचे कित्येक दिवस खालाचा पुतण्या भेटायला आला की माझ्याकडे बघून सांगायचा, "बाजी, फिकीर नक्को करो, हम हैं." ॲक्शन झाली आणि भीतीने कूस बदलली. पुतण्या यायचा बंद झाला. खालाचा भाऊ उस्मानाबादकडच्या एका खेड्यात होता आणि तिकडून काहीच कळत नव्हतं.

माझे यजमान रोज यायचे. दोन खाटांच्या मधे स्टूल ओढायचे आणि उर्दू अखबार मोठ्याने वाचायचे, कारण खालाला वाचता येत नव्हतं. मला उर्दू चांगलं येतं. ते काय वाचत होते हे मला ऐकू येत होतं आणि पानावर काय होतं हे मला तिरक्या नजरेने दिसत होतं. जिल्ह्यांतल्या जाळपोळीच्या बातम्या आल्या की हा माणूस न अडखळता भाताच्या भावावर उडी मारायचा. कधी बातमीच नसली तर स्वतःच्या मनाने रचून सांगायचा, की उस्मानाबादकडे पाऊस चांगला झाला. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेला महसूल खात्याचा माणूस! त्या दिवसांत मी नव्याने त्यांच्या प्रेमात पडले, हे लिहायला मला आता कसलाच संकोच वाटत नाही. खालाचा भाऊ पुढे महिन्याभराने काठी टेकत, पण धडधाकट, वॉर्डाच्या दारात उभा राहिला. ती रडली, मी रडले आणि हे अखबाराची घडी घालत बाहेर निघून गेले.

* * *

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला, तो माझा वाटेना. मांडी सुकून गेली होती. गुडघ्याच्या जागी, जिथे सगळ्यांना गोल उंचवटा असतो, तिथे सपाट होतं आणि मधून एक लांब वण. हात लावला की मऊ लागायचं. मी दोन दिवस तिकडे बघितलंच नाही. मग बघितलं आणि सवय झाली.

दसऱ्यानंतर सासूबाई शकूला घेऊन परत आल्या आणि त्यांनी कारभार हातात घेतला. सगळ्यात आधी माझी खाट फिरवली, कारण न वाकणारा माझा पाय सरळ देव्हाऱ्याकडे होत होता. मग तिळाचं तेल कोमट केलं, पदर खोचला आणि माझ्या पायाशी बसल्या. आता हे नीट समजून घ्या, कारण चूक इथे झाली आणि ती आमच्यासारख्यांकडेच होते. आमच्या घरात जेवण पाटावर, पोळ्या लाटणं जमिनीवर, देव जमिनीवर, पाहुणा आला तर सतरंजीवर. मांडी घालता आली नाही तर माणूस जेवणार कुठे आणि देवाला बसणार कुठे? तेव्हा पाय बरा झाला की नाही याची आमच्याकडे एकच परीक्षा होती: मांडी घालता येते का?

विचारायला येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा. "कितपत वाकतो?" काचीगुड्याच्या माझ्या नणंदबाईंनी तर आल्या आल्या पाट मांडला आणि म्हणाल्या, "बस बघू वहिनी." डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं होतं, की पाय ताठ करून उचलत जा, रोज, कंटाळा येईपर्यंत. मी ते उपकार केल्यासारखं थोडं करायची. ताठ पायाचं कुणाला काय कौतुक? ताठ पाय तर प्लॅस्टरमध्येही होताच. सगळा जीव वाकवण्यात. सासूबाई तेल चोळत, टाच धरून हळूहळू माझ्याकडे ढकलत, मी उशी चावत, आणि त्या म्हणत, "थोडं अजून, बाळा, थोडंच. आज कालच्यापेक्षा चांगला वाकायलाय." त्या वयात त्यांचे हात भरून येत असतील, पण एकही दिवस त्यांनी चुकवला नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी मांडी घातली. पूर्ण, दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि आळीत वाटली. "झाली बरी माझी सून," असं त्यांनी दारात उभं राहून ओरडून सांगितलं. मलाही तसंच वाटलं. मी त्या रात्री पाटावर बसून सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवले आणि उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला, त्याकडे लक्षच दिलं नाही.

* * *

संक्रांत झाली आणि मी शाळेत गेले. जिना चढले. चांगला पाय वर ठेवायचा, त्याच्यावर भार टाकायचा, दुसरा मागून आणायचा. कठड्याला हात होताच. वर मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या तुमचा वर्ग." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मधल्या काळात तात्पुरता येऊन गेलेल्या त्या मास्तराने त्यांना वर्तुळाचं एक प्रमेय इतकं रटाळ शिकवलं होतं, की ते परत सुरुवातीपासून घ्यावं लागलं आणि त्यात माझा दिवस आनंदात गेला.

शाळा सुटली. मी जिन्याशी आले, दुखरा पाय खालच्या पायरीवर ठेवला, भार टाकला, आणि गुडघा घडी घातल्यासारखा मिटला. कठडा हातात होता म्हणून वाचले. मी पायरीवर बसले. मुलींना वाटलं, बाई दम खात बसल्या आहेत. मी हसून त्यांना "जा, जा" म्हटलं. चढायचं मी कबूल केलं होतं आणि चढले होते. पण जी बाई रोज माडीवर येते आणि खाली जाऊ शकत नाही, तिला कोण ठेवून घेणार? सगळे गेल्यावर मी एकेका पायरीवर बसत, सरकत, लहान मूल उतरतं तशी खाली आले. लुगड्याचा मागचा भाग धुळीने माखला. घरी सांगितलं, टांग्याच्या बैठकीवर धूळ होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले, भांडायच्या तयारीने. सासूबाई बरोबर होत्या, त्याही त्याच तयारीने. डॉक्टरांनी मला उंच टेबलावर बसवलं, पाय खाली सोडले आणि म्हणाले, "सीधा करो." मी केला. पाय वर आला, आला, आणि सरळ व्हायला अगदी थोडं राहिलं तिथे थांबला. मी जोर लावत होते, मांडी थरथरत होती, पाय तेवढ्यावरच. मग त्यांनी दोन बोटांनी टाच उचलली आणि तो अगदी सहज पूर्ण सरळ झाला. बोटं काढली, की परत खाली.

"देखे? अटका नहीं है," ते म्हणाले. "खिंचाव कम पडता."

मग त्यांनी जे करून दाखवलं, ते मी आता माझ्या मुलींना शिकवते. मला टेबलावरून उतरवून खोलीच्या दाराशी नेलं. "कडी के पास से ढकेलो." मी कडीपाशी एक बोट लावलं, दार सरकलं. "अब बिजागरी के पास से." बिजागरीपाशी मी तळहात लावून ढकललं, तरी दार जागचं हलेना. दार तेच, मी तीच. तसं गुडघ्याचं आहे, ते म्हणाले. मांडीचा स्नायू पुढून येऊन नडगीला धरतो आणि पाय ओढून सरळ करतो. वाटी त्या दोराला सांध्यापासून थोडं पुढे उचलून धरते, म्हणून थोडक्या ओढीत काम होतं. वाटी काढली, की दोर सांध्याला चिकटून बसतो, बिजागरीजवळून दार ढकलावं तसं. मग तेवढ्याच कामाला मांडीला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि शेवटचं थोडं सरळ होणं तर सगळ्यात जड. गुडघा वाकायला मात्र वाटीचं काही अडत नाही. म्हणून मांडी आली. आणि आम्ही एवढे दिवस त्याच एका गोष्टीच्या मागे लागलो होतो, जी आपोआप थोडीफार येणारच होती.

मी गणिताची बाई. तरफेचं गणित मी स्वतः फळ्यावर शिकवलं आहे. तरी माझ्याच पायात ते बसलंय, हे मला दार ढकलून कळावं याचा मला भयंकर राग आला. मी विचारलं, "पहिल्यासारखा होईल?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. "पूरा नहीं. मांडी मजबूत करो, बहुत फरक पडेंगा. बाकी तरकीब से चलाना."

वाटेत मला सासूबाईंच्या साखरेची आणि तेलाची आठवण येत होती. घरी आल्यावर त्यांनी जुन्या लुगड्याचं कापड काढलं, दुहेरी टाके घालून एक लांबट पिशवी शिवली, हौदाजवळच्या ढिगातली वाळू त्यात भरली आणि माझ्या घोट्यावर ठेवून म्हणाल्या, "उचल." त्या दिवसापासून तेलाची वाटी गेली आणि वाळूची पिशवी आली. मी खाटेवर उताणी, पाय ताठ करून वर उचललेला, आणि सासूबाई निवडायला घेतलेल्या डाळीतून मान वर करून बजावायच्या, "वाकायलाय बघ. ताठ कर, ताठ!" ज्यांना मी घरी बसायला हवी होते, त्याच मला उभं करत होत्या. एकदा मी त्यांना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "घरी बसायचं तर आपल्या मनानं बस. पाय नाही म्हणून कशाला बसायचं?"

* * *

मांडी भरू लागली. पाय सरळ व्हायला जे थोडं कमी पडायचं, ते आणखी घटलं. गेलं मात्र नाही. सपाट रस्त्यावर मी सगळ्यांसारखी चालू लागले, टांग्यात चढू लागले, चढण चढू लागले. उतरताना पाय कधी धरेल आणि कधी सोडेल याचा भरवसा येईना, आणि पुढे तोंड करून त्या उभ्या जिन्यावरून खाली बघितलं, की मला फक्त कोसळणं दिसायचं.

तरकीब मला गच्चीवर सापडली. आमच्या गच्चीला शिडी आहे. सांडगे वाळत घालून मी उतरायला लागले आणि सवयीने वळून, शिडीकडे तोंड करून उतरले. खाली जमिनीवर पाय टेकल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला भीती वाटली नव्हती. शिडीवरून कुणीच पुढे तोंड करून उतरत नाही, मग जिन्याला वेगळा न्याय कशाला? उलटं उतरताना अंग पायऱ्यांकडे झुकतं, चांगला पाय वर राहून भार सांभाळतो, दुखरा हळूच मागे खाली जातो, आणि समजा त्याने दगा दिलाच, तर आपण पायऱ्यांवर टेकतो, खड्ड्यात जात नाही. शाळेत मी तसंच करू लागले, पण सगळे गेल्यावर. वह्या तपासत वर बसून राहायची आणि जिना रिकामा झाला, की वळायची. लुगडं नेसलेली पोक्त मास्तरीण पाठमोरी उतरताना कुणी बघू नये, एवढंच मला हवं होतं.

मोठ्या बाईंपासून काही लपत नसे. फाल्गुनात त्यांनी मला बोलावलं. अगदी मायेने म्हणाल्या, "सुशीलाबाई, तुम्ही रोज उशिरापर्यंत वर बसून असता ते का, ते मला कळतं. पुढच्या वर्षी तुम्ही खालचा वर्ग घ्या. लहान मुली आहेत, बेरीज-वजाबाकी. जिना नको नि त्रास नको. संचालकांनाही ते पटेल." 

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. बेरीज-वजाबाकी शिकवणं कमी आहे असंही मला म्हणायचं नव्हतं. पण माझं जे होतं ते वर होतं, आणि ते माझ्याकडून एवढ्या मायेने काढून घेतलं जात होतं, की मी आभार मानून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "बाई, आज शाळा सुटताना जिन्याखाली उभ्या राहाल का?"

घंटा झाली. मी वह्या तिथेच ठेवल्या आणि वर्गातून सगळ्यांच्या आधी बाहेर आले. माझ्यामागे माडीवरच्या सगळ्या मुली जिन्याशी गोळा झाल्या. मी कठडा धरला, त्यांच्याकडे तोंड केलं आणि दुखरा पाय मागे, खालच्या पायरीवर टाकला. कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. खाली मोठ्या बाई उभ्या आहेत हे मला दिसत नव्हतं, दिसत होत्या त्या फक्त मुली, पुढच्यांपासून अगदी मागच्यांपर्यंत, एकमेकींना ढकलणाऱ्या, परकर सांभाळणाऱ्या, आणि मधेच दोन पायऱ्या एकदम उड्या मारायच्या बेतात असलेली आमच्या वर्गातली द्वाड यमुना.

"यमुना, एकेक पायरी," मी म्हटलं. "आणि हसायचं असेल तर रांगेत उभं राहून हसा."

यमुना जागच्या जागी थबकली. रांग झाली. मी एक पायरी उतरले, त्या एक पायरी उतरल्या. एरवी त्या जिन्यावर मुली चेंगरत, रडत, कुणाचं तरी दप्तर खाली जात असे, कारण पुढे चालणाऱ्या बाईला पाठीमागचं काही दिसत नसे. त्या दिवशी एकही धक्का लागला नाही. शेवटच्या पायरीवरून मी जमिनीवर पाय टेकला आणि वळले. मोठ्या बाई जिन्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

"असं करा," त्या म्हणाल्या. "वरचे वर्ग तुमच्याकडे राहू देत. आणि उद्यापासून शाळा सुटताना मुलींना जिन्यावरून तुम्हीच उतरवा. मुलींकडे तोंड करून उतरणारी या शाळेत तुम्ही एकट्याच आहात."